‘एफ फॉर फ्रेडी’चें उड्डाण

युद्धपट म्हटला कीं नामांकित नट व अफाट खर्च डोळ्यांपुढें येतो. ‘टार्गेट फॉर टुनाइट’ या १९४१ सालच्या इंग्रजी चित्रपटांत यांपैकीं कांहींच नव्हतें. ब्रिटिश सरकारच्या क्राउन फिल्म युनिटनें तो काढला. दिग्दर्शक होते हॅरी वॅट. ‘एफ फॉर फ्रेडी’ हें वेलिंग्टन जातीचें बाँबफेकी विमान रात्रीं जर्मनीवर जातें, बाँब टाकतें आणि जखमी सोबत्यासह धुक्यांतून परततें, एवढेंच कथानक. भूमिका केल्या त्या हवाई दलांतील खऱ्याखुऱ्या माणसांनीं.

पडद्यावर लक्ष्य पेटतें. वस्तुस्थिति निराळी होती. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें बट यांच्या गुप्त अहवालानें दाखविलें कीं, लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद झालेल्या विमानांपैकीं सुमारें एक-तृतीयांशच त्याच्या ५ मैलांच्या आंत पोंचलीं होतीं.

धैर्य मात्र खोटें नव्हतें. चित्रपटांतील वैमानिक पर्सी पिकार्ड १९४४ च्या फेब्रुवारींत फ्रान्समधील आमियाँवरील हल्ल्यांत कामीं आले. बाँबर कमांडच्या सुमारें १,२५,००० विमानसैनिकांपैकीं ५५,५७३ मृत्युमुखीं पडले. प्रचाराचा भाग वजा केला, तरी त्या तरुणांचे साधे, अबोल चेहरे शिल्लक राहतात. आणि चित्रपटाचें खरें मोल तेंच होय.