परिचर्या : अनेक शास्त्रे, एक रुग्ण



आम्ही वैद्यक शिकलेलो नाही. आमचे आयुष्य केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत गेले. तेथे फाईल टेबलाटेबलांवरून फिरते, जो तो आपल्यापुरता शेरा लिहितो. पण सर्व शेऱ्यांचा मेळ घालणारा पुष्कळदा कोणीच नसतो. फाईल वाट पाहू शकते, रुग्ण पाहू शकत नाही. रुग्णालयात हा मेळ दिवसरात्र परिचारिकेला घालावा लागतो. म्हणून तिचे शिक्षण हा आपणां सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की दिवा घेतलेली मूर्ती डोळ्यांपुढे येते. परंतु या विदुषीला संख्याशास्त्रही उत्तम अवगत होते. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक दगावत होते. १८५५ मध्ये स्कुटारीच्या इस्पितळाची गटारे साफ झाली, हवा खेळू लागली आणि मृत्यू झपाट्याने घटले. पुढे १८५८ मध्ये त्यांनी मृत्यूंची कारणे रंगीत आकृतीत मांडून राज्यकर्त्यांपुढे ठेवली. सेवाभावाला आरोग्यशास्त्राची आणि गणिताची जोड मिळाली, तेव्हाच आधुनिक परिचर्येचा पाया घातला गेला.

आपल्याकडे १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवीशिक्षण सुरू झाले. शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र हे सारे विषय अभ्यासक्रमात असतात. पण विषय शेजारी शेजारी बसविले म्हणून ते एकजीव होत नाहीत.

अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या वृद्धेचे उदाहरण घ्या. तिच्या पाठीला व्रण का पडतो? सततच्या दाबाने कातडीचा रक्तपुरवठा तुटतो, हे शरीरशास्त्र सांगते. ओली, चुरगळलेली चादर त्यात भर घालते. प्रथिने कमी पडली तर जखम भरत नाही, हे आहारशास्त्र. जखमेत जंतू शिरतात, हे सूक्ष्मजीवशास्त्र. परंतु ही आजी जेवतच का नाही? येथे मन आणि समाज जाणावा लागतो. परमुलखातल्या इस्पितळात ताटातले अन्न अनोळखी, भोवतालची भाषा अनोळखी. ‘पाठ दुखते, जरा कुशीवर वळवा’ एवढे सांगायलाही तिच्याजवळ शब्द नसतात. मग व्रण वाढत जातो. सर्व शास्त्रे हजर असूनही रुग्ण एकटा पडतो, तो असा.

म्हणून आमचे नम्र मत असे की, निरनिराळ्या विषयांच्या अध्यापकांनी अधूनमधून एकाच रुग्णाभोवती उभे राहून एकत्र शिकवावे. परीक्षेतही केवळ व्याख्या न विचारता, ‘या रुग्णासाठी आता काय कराल आणि का?’ असे विचारावे.

या कामी आपलाही वाटा आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षी मंडळाने मराठी व स्थानिक भाषा उत्तम जाणणाऱ्या सभासदांची यादी करून जवळच्या रुग्णालयांस द्यावी. परिचारिकेच्या ज्ञानाला रुग्णाची भाषा मिळवून देणे आपल्या आवाक्यातले आहे. ते आपण करू या.