घरची होडी



महाबळेश्वरास जाऊन वेण्णा तलावांत नौकाविहार केला नाहीं, असें सुशिक्षित मराठी कुटुंब विरळाच. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनीं १८४२ च्या सुमारास बांधविलेल्या त्या तलावाच्या कांठीं आपण तिकिटें काढतों, नावाडी हात देऊन एकेकाला होडींत घेतो, आई मुलांना मधल्या फळीवर घट्ट धरून बसते, वडील घड्याळाकडे पाहतात, मुलें पाण्यांत बोटें बुडवूं पाहतात व त्याबद्दल बोलणीं खातात; आणि अर्ध्या तासानें सगळी मंडळी कांठावर उतरून भाजलेल्या कणसांकडे वळतात. मौज वाटते, यांत शंका नाहीं. परंतु या अर्ध्या तासांतून कोणाला होडीचा नाद लागला, घरीं परतल्यावरहि तिचेंच वेड राहिलें, असें सहसा ऐकिवांत येत नाहीं.

कारण उघड आहे. त्या होडींत आपण उतारू असतों. सामान म्हटलें तरी चालेल. वल्हें दुसऱ्याच्या हातांत, दिशा दुसऱ्याच्या मनांत, आणि वेळ तिकिटावर छापलेली. अशा वस्तूचें कौतुक वाटेल, पण तिच्यावर जीव जडणार नाहीं. मग ज्या देशांत कारकून, शाळामास्तर, कारखान्यांतील मिस्त्री अशीं अगदीं बेताच्या प्राप्तीचीं माणसें सुटीचा दिवस उजाडला कीं बायकामुलांसह होडी घेऊन पाण्यावर जातात, तेथें हा नाद घराघरांत शिरला कसा, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. हा देश म्हणजे इंग्लंड.

यावर एक ठराविक उत्तर मिळतें, कीं ते लोक मुळांतच दर्यावर्दी. हें उत्तर मला पटत नाहीं. पोटासाठीं समुद्रावर जाणारा मनुष्य सुटींत पुन्हां समुद्रावर जाण्यास फारसा उत्सुक नसतो, आणि त्याची किनाऱ्यावर वाट पाहणारी बायको तर समुद्राचें नांवहि प्रेमानें घेत नाहीं. हौसेचें नौकानयन तेथेंहि सामान्य लोकांत पसरविलें तें शहरी माणसानें, आणि तें आगगाडी आल्यानंतर. थेम्स नदीवर पूर्वीं कोळसा, धान्य, लांकूड यांचे पडाव चालत. तो माल आगगाडीनें ओढून घेतला व नदी मोकळी पडली. आणि मग त्याच आगगाडीनें रविवारीं लंडनकरांना नदीकांठीं आणून सोडण्यास आरंभ केला. १८८५ सालीं थेम्ससंबंधीं जो कायदा झाला त्यांत ही नदी आतां लोकांच्या करमणुकीचें स्थान झाली आहे, हें पार्लमेंटनें स्पष्ट मान्य केलें. मेडनहेडजवळ बोल्टर्स लॉक नांवाचें ठिकाण आहे. लॉक म्हणजे होड्यांना पाण्याच्या एका पातळींतून दुसरींत नेणारा दरवाजांचा हौद. रविवारीं दुपारीं तेथें होड्यांची कशी खेंचाखेंच होई, त्याचें ई. जे. ग्रेगरी या चित्रकाराचें चित्र प्रसिद्ध आहे. झालरी, छत्र्या, शुभ्र पोषाख आणि तिळमात्र रिकामी नसलेली नदी! पण ही सारी फॅशन होती, आणि फॅशनीचा गुण असा कीं ती जशी येते तशीच जाते. नाद टिकला तो वेगळ्या घरांत.

अशा एका घराची हकीकत सांगण्याजोगी आहे. इंग्लंडच्या वायव्येस सरोवरांचा प्रदेश आहे. तेथील कॉनिस्टन सरोवराकांठीं डब्ल्यू. जी. कॉलिंगवुड हे चित्रकार व पुराणवस्तुसंशोधक राहत असत. रस्किनचे ते चिटणीस. आणि इतिहासाचे तत्त्वज्ञ म्हणून पुढें ज्यांची ख्याति झाली ते आर. जी. कॉलिंगवुड हे त्यांचे चिरंजीव. या घरीं आर्थर रॅन्सम नांवाचा एक तरुण लेखक येऊं लागला. घरच्यांनीं त्याला आपल्यांतलाच मानलें, आणि त्यांच्याच होडींत तो शीड हांकण्यास शिकला. पुढें वर्षें लोटलीं. कॉलिंगवुडांची कन्या डोरा लग्न होऊन सीरियांतील अलेप्पो शहरीं गेली; तिचे पति डॉक्टर अल्टुन्यान. १९२८ सालीं हें कुटुंब मुलांसह कॉनिस्टनला आलें. मुलांसाठीं दोन लहान शिडाच्या होड्या घेण्यांत आल्या, आणि त्यांना शीड-सुकाणू शिकविण्याचें काम रॅन्समकडे आलें. आजोबांच्या घरीं जें घेतलें तें त्यानें नातवंडांना परत केलें. यांतूनच १९३० सालीं त्याची ‘स्वॅलोज अँड अ‍ॅमेझॉन्स’ ही कादंबरी निघाली. तींत चार भावंडें एकटींच होडी घेऊन सरोवरांतील बेटावर राहावयास जातात. वडील दूर आरमारावर असतात, त्यांची संमति तारेनें येते, आणि आई किनाऱ्यावर थांबते. इंग्लंडांतील कित्येक मुलांनीं होडी पाण्यावर पाहण्यापूर्वीं या पुस्तकांत पाहिली. पण मला स्वतःला कादंबरीपेक्षां तिच्यामागची ही देवघेव अधिक महत्त्वाची वाटते. येथें कोणी कोणाला नौकानयनाचे फायदे सांगितले नाहींत. एका पिढीनें दुसरीच्या हातांत सुकाणू दिलें, इतकेंच.

तरीहि होडी बाळगणें म्हणजे खर्चाचें काम. सरोवराकांठीं घर कितीकांचें असणार? ही अडचण दुसऱ्या महायुद्धानंतर सुटूं लागली. चिवट प्लायवुड आणि पाण्यानें न सुटणारी सरस हीं सामान्य माणसाच्या आवाक्यांत आलीं. जॅक होल्ट हा होड्यांचा नामांकित रचनाकार. बॅरी बकनेल हा टेलिव्हिजनवर घरची सुतारकी शिकविणारा गृहस्थ. या दोघांच्या रचनेस ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राचा आश्रय मिळाला व ‘मिरर’ नांवाची होडी १९६३ च्या जानेवारींत लंडनच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. लांबी अकरा फुटांना दोन इंच कमी, शिडें वृत्तपत्राच्या रंगाचीं म्हणजे लालभडक, आणि किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. या किंमतींत मिळे तो मात्र होडीचा सांगाडाहि नव्हे. बेतून कापलेल्या फळ्या, तार, सरस व सूचना. होडी ज्याची त्यानें घरीं करावयाची.

ती करण्याची रीतहि मोठी गमतीची. फळ्यांच्या कडांना भोंकें पाडून तांब्याच्या तारेनें त्या एकमेकींस शिवावयाच्या, जशी शिंपी कापडाचीं पानें जोडतो तशा. आणि मग शिवणीवर कांचतंतूची पट्टी राळेनें चिकटवावयाची. आपल्या श्रोत्यांना यांत ओळखीचें कांहीं दिसेल. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खिळ्यांवांचून, काथ्यानें फळ्या शिवून जहाजें बांधण्याची विद्या फार जुनी आहे. अजिंठ्याच्या चित्रांतील गलबताच्या आधारें गोव्यांत तशाच रीतीनें बांधलेलें ‘कौंडिण्य’ हें जहाज २०२५ सालीं कारवार येथें आपल्या नौदलांत दाखल झालें. असो. मुद्दा असा कीं शिवण हें काम सुताराचें नसून घराचें आहे. तें आईला येतें, दहा वर्षांच्या मुलीला येतें, आणि वडिलांना शिकून घ्यावें लागतें.

मिरर होडी सत्तर हजारांहून अधिक झाल्या. पडवींत, मोटारीच्या खोलींत, आणि तीहि नसल्यास बैठकीच्या खोलींतलें सामान भिंतीशीं सारून हीं कामें चालत. (शेवटच्या प्रकारांत आधीं दाराचें माप घेणें शहाणपणाचें!) आतां अशा घरांतील मुलाची स्थिति पाहा. हिवाळाभर त्यानें तारा ओढल्या आहेत, बोटांना सरस लागला आहे, अमुक शिवण आपली हें तो जाणतो. वसंतांत होडी मोटारीच्या टपावर चढते. तिची काठी आंखूड दोन तुकड्यांची, ती होडीच्याच पोटांत मावते. पाण्यावर पहिल्यानें सोडल्यावर सगळ्यांचे डोळे आकाशाकडे किंवा शिडाकडे नसतात, ते तळाकडे असतात. पाणी आंत येतें कीं काय? येत नाहीं. त्या क्षणीं त्या मुलाला जें वाटतें तें वेण्णा तलावावरील तिकिटांत मिळणें शक्य नाहीं.

आणि खरी गोष्ट तर पुढेंच आहे. अकरा फुटांच्या होडींत दहा वर्षांच्या मुलाचें वजन ही हिशेबांत धरावी लागणारी बाब असते. वाऱ्याच्या झोताबरोबर होडी एका अंगास कलली कीं त्यानें दुसऱ्या अंगास सरकलेंच पाहिजे. तो न सरकला तर सर्वजण भिजतात. घरांत आपण मुलांना कामें सांगतों, पण त्यांतील बहुतेक कामें त्यांचें मन राखण्यापुरतीं असतात, आणि मुलें हें ओळखतात. पाणी कोणाचें मन राखीत नाहीं. पुढच्या लहान शिडाचा दोर मुलीच्या हातीं असेल तर ती ओढील तेव्हांच होडी वळेल. वडिलांच्या हुद्द्याचा तेथें उपयोग नाहीं. उलट कांहीं दिवसांनीं वाऱ्याची चाहूल मुलांनाच आधीं लागते, पाण्यावरची काळसर लहर त्यांना लांबून दिसते, आणि वडील नुसते ऐकतात.

येथेंच कित्येक घरांची गाडी अडते. ऑफिसांत ज्याचें कोणी ऐकत नाहीं असा मनुष्य होडींत पाय ठेवतांच कप्तान होतो. त्याचे हुकूम सुटूं लागतात, पत्नीच्या वांट्यास फराळाचा डबा व ओलीं अंगें पुसणें येतें, मुलांच्या वांट्यास रागावणें. अशी होडी दुसऱ्या वर्षीं अंगणांत पालापाचोळा सांठवीत पडते. नाद लागण्यास सुंदर होडी लागत नाहीं, शांत सरोवरहि लागत नाहीं. घरांतील कर्त्या पुरुषानें सुकाणू सोडून पुढच्या बाजूस जाऊन गप्प बसण्याची तयारी लागते. हें फार कठीण आहे, आणि माझ्या मतें या सबंध छंदांत हेंच एक खरोखरी कठीण आहे.

केवळ मुलांसाठींच केलेली होडीहि आहे. १९४७ सालीं अमेरिकेंत फ्लॉरिडांतील क्लिअरवॉटर येथें क्लार्क मिल्स यानें प्लायवुडच्या दोन फळ्यांतून होईल अशी पेटीसारखी होडी केली, ती ‘ऑप्टिमिस्ट’. आज जगभर पंधरा वर्षांपर्यंतचीं मुलें तिच्यांत शिकतात. तींत मूल एकटें असतें, आईबाप कांठावर. कुटुंबाच्या दृष्टीनें मी मिररला अधिक गुण देईन.

आतां आपल्याकडे वळतों. मुंबई तीन बाजूंनीं समुद्रानें वेढलेली, कोंकण सारें खाड्यांचें. तरी सुशिक्षित घरांतून मुलांना पाण्याविषयीं मिळणारें पहिलें शिक्षण ‘जवळ जाऊं नको’ हेंच असतें. याचीं मुळें खोल आहेत. सिंधुबंदी फार जुनी नाहीं; एकोणिसाव्या शतकांत विलायतेहून परतलेल्यास प्रायश्चित्त घ्यावें लागे. कोळीवाड्यांतलें मूल पाळण्याइतकेंच मचव्यांतहि वाढतें, पण तेथें होडी ही उपजीविका आहे, तिच्या जोखमीचा हौशी माणसानें उगाच हेवा करूं नये. आणि भय निराधार आहे असें तरी कोण म्हणेल? १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. गिरगांव-परळच्या चाळींतून आणि अलिबाग-रेवसकडील गांवांतून त्या दिवशीं जो आकांत झाला असेल, त्याच्या आठवणीनें ज्या आजीनें नातवाचा हात धरून ठेवला, तिला भित्री म्हणण्याचें धाडस मला होत नाहीं.

म्हणून मी उत्साहाच्या गोष्टी न सांगतां क्रम सांगतों. प्रथम पोहणें, घरांतील सर्वांनीं, आईनेंसुद्धां. मग लाइफ जॅकेट, आणि तें घालण्याच्या बाबतींत वडिलांना सूट नाहीं. मग उथळ पाण्यांत, जाणत्या माणसाच्या देखत, होडी मुद्दाम उलटी करून पुन्हां सरळ करणें. ज्या मुलानें तीन वेळां होडी उलटविली त्याला चौथ्या वेळेचें भय उरत नाहीं, त्याच्या आईलाहि नाहीं. एक नियम सर्वांनीं पाठ करावा: होडी उलटली तर तिला धरून राहावें, कांठ जवळ दिसला म्हणून पोहत निघूं नये. मिररसारख्या होडींत हवेचे बंद कप्पे असतात. ती उलटते, पण बुडत नाहीं, आणि शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षां ती लौकर दिसते.

जागेची अडचण आहे, हें खरें. पुण्यास संगमाजवळ इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब आहे, तेथील रेगाटा पाहण्यास लोक हौसेनें जमतात; पण त्याच मुळा-मुठेंत सांडपाणी व जलपर्णी इतकी कीं कुटुंबानें सहज होडी घालावी असें आज म्हणवत नाहीं. धरणांच्या पाण्यावर परवानगीचा प्रश्न येतो. मुंबई बंदरांत शिडाचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो व पुढील पावसाळ्यापूर्वीं आटोपतो.

पावसाचे चार महिने होडी ओंडक्यांवर पालथी घालून ठेवावी लागते. दोर तपासणें, शिडाला टाके घालणें, रंगाचा हात देणें, हीं कामें त्या दिवसांत होतात. आणि पालथ्या होडीखालीं शिरून शिवणींवर कंदिलाचा प्रकाश धरण्याचें काम घरांतील सर्वांत लहान माणसाकडे येतें, कारण तेथें मावण्याजोगें तेंच असतें.