गोडेतेल आणि डांबर



 2016 साली आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळे समोर भरलेला तांब्या ठेवणं हेच आमच्याकडचं मोठं आगतस्वागत.

रस्त्यांच्या परिषदेत तेल गिरणीवाला स्वागताध्यक्ष कसा, असं काहींच्या मनात आलं असेल. लहानपणी पायाला डांबर चिकटलं, की आई गोडेतेलाचं बोट चोळायची आणि डांबर सुटायचं. आजचा विषय, म्हणजे जुन्या डांबराला तेल देऊन ते पुन्हा वापरणं, मला तिथूनच कळतो. डांबर ऊन आणि हवा खाऊन म्हातारं होतं. त्यातले तेलकट घटक घटतात, अस्फाल्टीनसारखे जड घटक वाढतात. जुन्या रस्त्यावरून मिलिंग मशीननं खरवडलेली पातळ खपली थंडीत हातात धरून बघा, चिक्कीसारखी कडकन मोडते. तिला पुन्हा लवचीक करायला वनस्पती तेल. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठानं सोयाबीन तेलावर काम केलं. पाइनच्या लाकडाचा लगदा करताना निघणारं टॉल तेलही वापरात आहे.

सोयाबीन म्हटल्यावर आमच्या आडत बाजाराचे कान टवकारलेत. मी मात्र त्यांची निराशा करणार. निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करणाऱ्या देशानं ताजं तेल रस्त्यात ओतू नये. घ्यायचं तर तळून तळून काळं झालेलं. पोलर घटक 25 टक्क्यांवर गेले की तेल खाण्यातून बाद, असा 2018 पासून नियम आहे. तरी ते दुसऱ्या कुणाच्या कढईत जातं; आपण सगळ्यांनी ते चाखलंय. टनभर डांबरी मालात डांबर साधारण 50 किलो, आणि तेल लागतं त्या डांबराच्या काही टक्के. म्हणजे गावातल्या भजीवाल्यांवरही बरंच भागेल.

पण धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, या तेलात पाणी असतं, जळका चुरा असतो, आम्लता चढलेली असते. गाळून, तपासून घेतलं नाही तर डांबर खडीला धरून राहत नाही. आणि टाकताना हात सैल सुटला, तर वैशाखात ट्रकांखाली चाकोऱ्या पडतात. प्रयोगशाळेतले आकडे दोन दिवस ऐकूच. मला ऐकायचंय ते चार पावसाळे काढलेल्या रस्त्याचं.

बाहेर टेबलावर जुन्या डांबराचे दोन गोळे ठेवलेत, एक कोरा, एक तेल दिलेला. दाबून बघा. हात काळे होतील. शेजारी गोडेतेलाची वाटी आणि चिंध्या आहेत.