पेंडीतील पोषण

भुईमुगाचे दाणे घाण्यात गाळले की तेल स्वयंपाकघरात जाते आणि पेंड गोठ्यात. वस्तुतः दाण्याचा मोठा कस पेंडीतच उरतो. तिच्यात शेकडा ४५ च्या आसपास प्रथिने असतात. १९५० साली म्हैसूर येथे स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने हे हेरले. पेंडीचे पीठ ७५ भाग व हरभऱ्याचे पीठ २५ भाग घेऊन, त्यांत जीवनसत्त्वे व कॅल्शियम मिसळून तेथे एक पूरक अन्न सिद्ध झाले. ज्या घरी दूध पोचत नाही, तेथील मुलांना ही प्रथिने मिळावीत, हा त्यामागील हेतू.

परंतु १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मरण पावले. शोधान्ती त्यांच्या खाद्यातील ब्राझीलची भुईमूगपेंड दोषी ठरली. ओलसर दाण्यांवर वाढणारी एक बुरशी ॲफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते. ते यकृतास घातक असून नेहमीच्या शिजविण्याने नाहीसे होत नाही. आणि दाणे गाळल्यावर त्याचा बराचसा अंश पेंडीतच राहतो.

म्हणून पेंडीची शुद्धता पिठाच्या गिरणीत नव्हे, तर शेताच्या खळ्यावरच ठरते. शेंगा वेळीच वाळवाव्या लागतात, बुरसटलेले दाणे घाण्यापूर्वीच निवडून काढावे लागतात, पेंड कोरड्या जागी ठेवावी लागते. ती गुरांसाठीच आहे, ही सबबही चालत नाही. कारण गाईने खाल्लेल्या या विषाचा अंश दुधावाटे पुन्हा मुलाच्याच पेल्यात येतो.