वेष्टनावरील शब्द आणि वेष्टनांतील अन्न

पंक्तींत बसलेल्या पाहुण्यास शेंगदाणे बाधत असतील, तर वाढणाऱ्यास एक प्रश्न विचारणें त्याला पुरेसें असे: या कोशिंबिरींत दाण्याचें कूट आहे काय? उत्तर स्वयंपाकघरांतून येई आणि ज्या हातानें कूट घातलें, तोच हात त्या उत्तरास जबाबदार असे. बिस्किटाच्या पुड्यास किंवा चॉकलेटच्या वडीस असा प्रश्न करतां येत नाहीं. तेथें उत्तर देण्याचें काम वेष्टनावरील छापील ओळीकडे आलें आहे. ती ओळ खरें सांगते कीं नाहीं, हा कित्येक घरांत जीवनमरणाचा प्रश्न असतो.

दूध न पचणें ही एक गोष्ट, आणि दुधाचें वावडें, ज्यास वैद्यकांत ॲलर्जी म्हणतात, ही अगदीं निराळी गोष्ट. पहिल्या प्रकारांत पोट बिघडतें. दुसऱ्या प्रकारांत शरीराची संरक्षक शक्ति अन्नांतील निरुपद्रवी प्रथिनास शत्रु समजून त्याच्यावर तुटून पडते. अंगावर गांधी उठतात, ओठ व घसा सुजतो, श्वास कोंडतो. प्रसंग बळावला तर रक्तदाब एकाएकीं उतरतो, आणि ॲड्रिनॅलीनचें इंजेक्शन वेळेवर न मिळाल्यास प्राणहि जातो. कांहीं माणसांस एवढें होण्यास त्या प्रथिनाचे थोडे मिलिग्रॅम पुरतात.

अशा माणसांसाठीं देशोदेशीं कायदे झाले आहेत. अमेरिकेंत २००४ सालीं झालेल्या कायद्यानें दूध, अंडीं, मासे, कवचधारी जलचर, भुईमूग, बदाम-अक्रोडादि कवचफळें, गहूं आणि सोयाबीन या आठांचा स्पष्ट उल्लेख वेष्टनावर आवश्यक ठरविला. भारतांत २०२० सालच्या नियमांनीं अशीच आठ प्रकारांची यादी घालून दिली. ग्लूटेनयुक्त धान्यें, कवचधारी जलचर, दूध, अंडीं, मासे, भुईमूग व कवचफळें, सोयाबीन, आणि किलोमागें १० मिलिग्रॅम वा अधिक सल्फाइट असे ते प्रकार होत. शब्दांच्या दृष्टीनें पाहतां व्यवस्था चोख आहे. ती पाळली किती जाते, हें मात्र वेष्टन वाचून कळत नाहीं. आंतला पदार्थ तपासावा लागतो.

अशी एक तपासणी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें केली आणि तिचे निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध केले. काळसर, कडवट अशा डार्क चॉकलेटच्या ९४ वड्या तिनें पारखल्या. त्यांपैकीं केवळ ६ वड्यांच्या घटकांत दूध छापलेलें होतें. उरलेल्या ८८ पैकीं ५१ वड्यांत दूध सांपडलें! ‘दूधविरहित’ म्हणून मिरविणाऱ्या कांहीं वड्याहि या कसोटीस उतरल्या नाहींत.

येथें कारखानदारानें मुद्दाम लबाडी केली असें समजण्याचें कारण नाहीं. कृतींत दूध नव्हतें, तें यंत्रांत होतें. दुधाचें चॉकलेट ज्या यंत्रांतून निघतें, त्याच यंत्रांतून पुष्कळदां डार्क चॉकलेटहि निघतें. हें यंत्र भांड्याप्रमाणें पाण्यानें विसळतां येत नाहीं. ओलाव्याच्या अंशानेंहि वितळलेल्या चॉकलेटच्या गुठळ्या होतात आणि जंतूंस थारा मिळतो. म्हणून पुढच्या खेपेचें चॉकलेटच नळ्यांतून लोटून आधींचें बाहेर काढतात. वांकणांत व सांध्यांत थोडें राहतेंच, आणि तेवढें वावडें असणाऱ्यास भारी पडतें.

यावर उपाय म्हणून ‘दुधाचा अंश असूं शकेल’ अशी सूचना छापण्याची पद्धत निघाली. अमेरिकेंत ती ऐच्छिक आहे, आणि भारतीय नियमांतहि अशी सूचना देतां येते एवढेंच म्हटलें आहे. उपर्युक्त तपासणींत अशी सूचना असलेल्या चार वड्यांमागें तीन वड्यांत दूध निघालें. म्हणजे सूचना खोटी नव्हती. पण चौथ्या वडींत दूध नव्हतें आणि सूचना नसलेल्या कांहीं वड्यांत तें होतें. मग वाचणाऱ्यानें भरंवसा कशावर ठेवावा? जिकडेतिकडे तेंच वाक्य पाहून तो कंटाळतो, आणि एके दिवशीं दुर्लक्ष करून खातो.

नियम कडक केला म्हणजे काम भागतें असेंहि नाहीं. अमेरिकेंत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा समावेश नववा म्हणून झाला. यंत्रें तिळापासून मुक्त ठेवणें कित्येक पाववाल्यांस जड वाटलें. तेव्हां त्यांनीं पावांत मुद्दाम तिळाचें पीठ घालून ‘तीळ आहे’ असें छापून टाकलें. कायदा अक्षरशः पाळला गेला, आणि वर्षानुवर्षें निर्धास्तपणें पाव खाणाऱ्या तिळाच्या रुग्णाच्या हातचा पाव गेला.

भारताच्या २०२० च्या यादींत तीळ नाहींच. संक्रांतीस घरोघर तिळगूळ वाटणाऱ्या महाराष्ट्रांत ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ज्या घरीं कोणास तिळाचें वावडें असेल, तेथें ‘यांत आहे’ ही वेगळी ओळ पाहून थांबूं नये; घटकांची संपूर्ण यादी वाचावी. नेहमींचा पुडा असला तरी दरवेळीं वाचावी, कारण कृति बदलते आणि वेष्टनाचा रंग तोच राहतो. वैद्यानें ॲड्रिनॅलीनचें इंजेक्शन जवळ ठेवण्यास सांगितलें असेल, तर तें घरीं विसरूं नये.

परंतु सारा भार रुग्णाच्या डोळ्यांवर टाकणें न्याय्य नव्हे. यंत्र किती स्वच्छ झालें हें मोजतां येतें, आणि किती अंश राहिला हेंहि मोजतां येतें. तें मोजून मगच सूचना छापावी, असा दंडक पडेल तेव्हां त्या छापील ओळीस पंक्तींतल्या वाढणाऱ्याच्या उत्तराएवढी किंमत येईल.