काडतुसाची मान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आगाशीला आमच्या घरीही पेढे आले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, पन्नास मीटर रायफल, तीन पोझिशन्स, अंतिम फेरीत ४५१.४ गुण. खाशाबा जाधवांच्या १९५२ सालच्या पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वर्तमानपत्रांनी त्याचे आई-वडील, त्याची रेल्वेतली नोकरी, दीपाली देशपांडे यांचं मार्गदर्शन, सगळं अगदी मनापासून छापलं. त्याने उडवलेल्या काडतुसाबद्दल मात्र माझ्या वाचनात एक ओळही आली नाही. मला नेमकं तेच जाणून घ्यायचं होतं.

कारण मी टर्नर. वसई पूर्वेच्या कारखान्यांमध्ये चौतीस वर्षं लेथवर उभा राहिलो. माझी नात रायफल चालवते आणि माझा भाचा तिकडे अमेरिकेत, ओहायो राज्यात, हजार यार्डांवर नेम मारतो. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. तिथे दहा गुणांचं वर्तुळ दहा इंची असतं, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटाहूनही लहान. जवळजवळ एक किलोमीटरवर ठेवलेलं ताट! निवृत्तीनंतर आम्ही उभयता त्याच्याकडे काही महिने राहून आलो. बाकीची मंडळी नायगारा बघून आली, तसा मीही आलो. पण माझे खरे दिवस गेले ते त्याच्या गॅरेजमध्ये.

तिथे तो पुंगळ्यांच्या माना कापत बसायचा. ऐकायला भयंकर वाटतं, काम मात्र फार नाजूक आहे.

काडतुसाचे चार भाग असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली टिकली, आतली दारू आणि तोंडात बसवलेली गोळी. गोळी सुटून जाते, पुंगळी मागे राहते. रायफलच्या पुंगळीला आपल्या बाटलीसारखा आकार असतो. खाली रुंद अंग, मग उतरता खांदा, वर अरुंद मान. ही मान गोळीला धरून ठेवते. नेमबाज मंडळी रिकामी पुंगळी फेकत नाहीत. पुन्हा भरतात, सात-आठ वेळा सहज. स्वतःच्या रायफलीला मानवेल तसं काडतूस स्वतःच्या हाताने बनवायचं, हा तिकडे एक मोठा छंद आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याविना काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे हे ऐकून कुणी घरी प्रयोग करायला जाऊ नये. आणि गंमत सांगतो, तिकडच्या कायद्यातही व्हिसावर आलेल्या पाहुण्याने, काही अपवाद सोडले तर, काडतुसाचं सामान बाळगणं बसत नाही; आणि त्या सामानात रिकामी पुंगळीही मोजतात. त्यामुळे चौतीस वर्षांचा टर्नर स्टुलावर हाताची घडी घालून बसलेला आणि कॉम्प्युटरवाला भाचा टर्निंग करतोय, असं ते दृश्य होतं. हात शिवशिवत होते.

मान कापायची कशासाठी? त्यासाठी पुंगळी बनते कशी ते पाहिलं पाहिजे. भाईंदरला स्टीलची भांडी बनतात ती ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे लगेच समजेल. पत्र्याची चकती डायवर ठेवायची आणि वरून पंच दाबायचा, की वाटी होते. तीच वाटी आणखी अरुंद डायमधून ओढली की पेला होतो. पुंगळीही अशीच, सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्ताच्या पितळेतून टप्प्याटप्प्याने ओढतात. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. सगळ्या जगात पद्धत हीच. पंच डायच्या मधोमध उतरला तर भिंत सगळीकडे सारखी. तो केसभर सरकला तर एक बाजू जाड आणि समोरची पातळ, बुडापासून तोंडापर्यंत.

मानेची भिंत साधारण पंधरा थाऊ जाड असते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पंचवीस मायक्रॉन. चांगल्या कंपनीच्या पुंगळीत एका बाजूने दुसऱ्या बाजूशी एखाद्या थाऊचा फरक, साध्या पुंगळीत दोन-तीन थाऊंचा. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतं? मान एका बाजूला जाड असली की गोळी मधोमध बसत नाही, बॅरलमध्ये शिरतानाच तिरकी शिरते. शिवाय पुंगळीपुंगळीच्या मानेची पकड कमी-जास्त झाली, की गोळी कधी लवकर सुटते, कधी उशिरा, आणि वेग बदलतो. पन्नास मीटरवर हे जाणवणारही नाही. हजार यार्डांवर सेकंदाला दहा फुटांचा फरक पडला तरी गोळी काही इंच वर-खाली जाते, आणि आपलं ताट आहे दहा इंचांचं.

आता प्रत्यक्ष काम. आधी पुंगळ्यांची लांबी सारखी करून घ्यायची. मग मानेतून एक गुळगुळीत पोलादी दांडी घालून ती आतून गोल आणि ठरावीक मापाची करायची. असं केलं की आतला वाकडेपणा सगळा बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. मग मान एका मँड्रेलवर चढवायची. ती घट्ट नको, सैलही नको. तेलाच्या पापुद्र्यावर फिरली पाहिजे. आणि बाहेरून टूलने उंचवटा खरवडायचा, एक थाऊ, फार तर दोन. फीड अगदी हळू. पितळेचा कीस केसासारखा निघतो. तळाशी टूल खांद्याला किंचित स्पर्श करेपर्यंत न्यायचं, नाहीतर पुढे काही फेऱ्यांनंतर खांद्यातलं पितळ वर सरकून मानेच्या मुळाशी जाड कडं तयार होतं आणि गोळी तिथे अडते.

पहिल्या दिवशी भाच्याने तीसेक पुंगळ्या केल्या आणि मापायला बसला. बॉल मायक्रोमीटर, म्हणजे ज्याचं एक टोक गोल असतं आणि मानेच्या आत नीट बसतं, तो त्याच्याकडे होता. सुरुवातीच्या पुंगळ्या एका मापाच्या आणि नंतरच्या हळूहळू वेगळ्या. तो पात्याचा स्क्रू पुन्हा पुन्हा फिरवत बसला. मी म्हटलं, "अरे, पात्याला हात लावू नकोस, मँड्रेलला हात लावून बघ." तो म्हणाला, "मामा, गरम लागतोय." घर्षणाने मँड्रेल तापला, फुगला, आणि पातं व मँड्रेल यांच्यातली फट बदलली. चूक पात्याची नव्हतीच. त्याने आणखी एक मँड्रेल मागवला. एक वापरात, दुसरा पंख्याखाली. पाच पुंगळ्या झाल्या की अदलाबदल. शंभर पुंगळ्या एका थाऊच्या चौथ्या भागात आल्या. आमच्या कारखान्यात पहिल्या वर्षाच्या पोराला हे शिकवतात. पण बंद गॅरेजात एकट्याने पुस्तकावरून शिकणाऱ्याला कोण सांगणार?

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बेंचरेस्ट नावाच्या प्रकारात रायफलची चेंबरच मुद्दाम आवळ बनवतात. लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी १९७० च्या दशकात तयार केलेलं सहा मिलिमीटर पीपीसी हे काडतूस त्यातलं प्रसिद्ध. तशा रायफलीत मान कापल्याशिवाय काडतूस आतच जात नाही. तिथे माप चुकवून मान जाड ठेवली आणि काडतूस जबरदस्तीने कोंबलं, तर मानेला फुलून गोळी सोडायला जागा उरत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीवर जातो. उलट दुकानातून घेतलेल्या साध्या रायफलीची चेंबर मुळातच सैल असते. तिथे मान कापून आणखी पातळ केली, तर दर वेळी ती जास्त फुलते, पुन्हा जास्त आवळावी लागते, आणि शेवटी चिरते. तांबट आळीत गेलात तर दिसेल, तांबट भांडं ठोकता ठोकता मध्येच भट्टीत लाल करतो. ठोकून धातू ताठर होतो, तापवून पुन्हा मऊ. पुंगळीच्या मानेचंही तेच. म्हणून जाणते लोक अधूनमधून फक्त मान तापवून घेतात. बूड मऊ पडलेलं चालत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर साध्या रायफलीत फक्त उंचवटे साफ होतील एवढंच कापावं, मान सगळीकडून चकचकीत झालीच पाहिजे हा हट्ट नको.

आणि मान कापून मानच सुधारते. खालचं अंग एका बाजूला जाड असेल तर ते तसंच राहतं. बार झाला की पातळ बाजू जास्त ताणली जाते आणि पुंगळी किंचित वाकते. तिकडचे नेमबाज अशा पुंगळीला चक्क 'बनाना' म्हणतात. सुकेळ्यांच्या गावच्या माणसाला ओहायोत जाऊन हे ऐकावं लागलं! आमच्याकडे राजेळी केळी सोलून उन्हात सुकवतात. सुकेळं वाकडं असलं तरी गोडच लागतं. पुंगळी वाकडी निघाली, की भाचा ती सरळ भंगाराच्या डब्यात टाकायचा.

आता नातीकडे येतो. ती .२२ रायफल चालवते, कुसाळे चालवतो तोच प्रकार. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत याच बोअरच्या रायफलीने झोपून नेम धरत ६०० पैकी ५९७ गुणांनी सुवर्णपदक जिंकलं होतं. इथे दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. मी परतलो तेव्हा तिने पहिला प्रश्न हाच विचारला, "आजोबा, माझ्याही पुंगळ्यांना करता येईल का हो असं?"

नाही येत. .२२ च्या काडतुसात वेगळी टिकलीच नसते; स्फोटक बुडाच्या कडेतच भरलेलं असतं आणि घोडा त्या कडेवर आपटून ती चेपतो. एकदा उडाली की पुंगळी संपली. म्हणजे तिला काडतूस बनवता येत नाही, फक्त निवडता येतं. कारखान्यात एकाच यंत्रावर, एकाच घाण्यातल्या मालातून निघालेल्या काडतुसांना एक लॉट नंबर असतो. तीच कंपनी, तोच डबा, तीच किंमत, पण एक लॉट एका बॅरलला मानवतो आणि दुसऱ्या बॅरलला नाही. म्हणून मोठे नेमबाज जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये कंपनीच्या चाचणी केंद्रावर आपली रायफल घेऊन जातात, ती शिकंज्यात घट्ट धरतात, एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या उडवतात आणि ज्या लॉटची भोकं सर्वांत जवळ पडतात तो लॉट वर्षभराचा उचलतात. स्वतः कापणं नाही, तर हजारोंतून सारखं शोधून काढणं. माझ्या कामाच्या हे अगदी उलटं, पण मोजणं तेच.

आमची ऐपत जर्मनीची नाही. क्लबमध्ये तिच्या प्रशिक्षकांनी चार लॉटचे एकेक-दोनदोन डबे जमवून दिले. तिने रायफल टेकवून त्या उडवल्या आणि मी संध्याकाळभर व्हर्निअर घेऊन कागदावरची भोकं मोजली. तीन लॉट साधारण निघाले. चौथ्याच्या दहाही गोळ्या एका भोकात म्हणाव्यात इतक्या जवळ. लगेच चौकशी केली. मुंबईत त्या लॉटचे चौदाच डबे शिल्लक होते, ते घेतले. पुढची खेप आली ती दुसऱ्या नंबरची.

त्या चौदांतले आता अकरा उरले आहेत, क्लबच्या कपाटात, वर तिच्या नावाची चिठ्ठी लावून. एका डब्यात पन्नास, म्हणजे साडेपाचशे गोळ्या. एका स्पर्धेला साठ, अधिक सरावाच्या, अधिक अंतिम फेरी गाठली तर तिच्या. रोजच्या सरावाला ती साधा लॉट वापरते. राज्य स्पर्धेत चांगल्या गोळ्या उडवाव्यात तर राष्ट्रीय स्पर्धेला कमी पडतील, आणि राज्यात साध्या गोळ्यांवर मागे पडली तर राष्ट्रीयला जाणारच नाही. तिचे प्रशिक्षक म्हणतात राज्यातच वापर. तिची आई म्हणते राखून ठेव. मला विचारलं तेव्हा मी तिला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं: साध्या लॉटने गेल्या दहा सरावांत किती गुण झाले, चांगल्या लॉटने किती, आणि गेल्या वर्षी राज्यात निवड किती गुणांवर झाली, ते आधी लिहून काढ. काल रात्री ती ते लिहीत होती.