काचेच्या पेटीतील बाळ आणि बाहेरचे कुटुंब



घरात बाळ जन्माला येणे ही परम आनंदाची वार्ता होय. पेढे वाटले जातात, आजी डिंकाच्या लाडवांच्या तयारीला लागते, आत्या बारशासाठी नावे शोधू लागते. परंतु काही घरांत हा आनंद उंबरठ्यावरच थबकतो. बाळ अपुऱ्या दिवसांचे असते, किंवा त्याला श्वास घेणे जड जाते, आणि डॉक्टर त्याला अतिदक्षता विभागात हलवितात. “बाळाला पेटीत ठेवले आहे” एवढे एकच वाक्य इतवारी-गांधीबागेतील एखाद्या घरी पोहोचते आणि सारे घर स्तब्ध होते. पेढ्यांचा पुडा उघडावा की नाही, आप्तांना कळवावे की नाही, काहीच सुचेनासे होते. त्या पहिल्या आठ-पंधरा दिवसांत कुटुंबाने काय करावे आणि समाजाने त्या कुटुंबाशी कसे वागावे, याविषयीचे हे विवेचन आहे.

प्रथम ही पेटी कशासाठी, हे समजून घेणे इष्ट ठरेल. गर्भाचे सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळास अपुऱ्या दिवसांचे म्हणतात. त्याच्या त्वचेखाली चरबीचा पुरेसा थर नसतो, म्हणून बाहेर नागपूरचा उन्हाळा पेटलेला असतानाही ते बाळ खोलीत गार पडू शकते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो, म्हणून तोपर्यंत दूध बारीक नळीने पोटात द्यावे लागते. फुप्फुसे उघडी ठेवणारा स्निग्ध द्रवही पुरेसा तयार झालेला नसतो. सातव्या महिन्याचे मूल जगते आणि आठव्याचे जगत नाही, ही जुनी समजूत यामुळेच निराधार ठरते. आईच्या उदरातील प्रत्येक अधिक आठवडा बाळाला बळच देतो.

शास्त्राने या बाबतीत किती मजल मारली, याचे एक उदाहरण बोलके आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना पुत्र झाला. तो सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि त्याचे वजन दोन किलोहून थोडे अधिक होते. फुप्फुसातील याच द्रवाच्या उणिवेमुळे तो बालक अवघे ३९ तास जगला. सत्ता, संपत्ती आणि निष्णात डॉक्टर हाताशी असूनही उपाय नव्हता. १९८० साली जपानमधील डॉ. फुजिवारा यांनी हा द्रव बाहेरून फुप्फुसात देण्याची यशस्वी पद्धत प्रसिद्ध केली. तेवढ्या वजनाची बाळे आज आपल्या नागपुरातील अतिदक्षता विभागांतून नित्य सुखरूप घरी जातात. म्हणून पेटीचे नाव ऐकताच धीर सोडण्याचे कारण नाही.

परंतु सारे काही यंत्रच करते, ही समजूतही तितकीच चुकीची आहे. काचेबाहेर हात जोडून उभे राहण्यापलीकडे आपल्या हाती काही नाही, असे कुटुंबाला वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. कुटुंब हा त्या उपचाराचाच एक भाग आहे, आणि त्यात आईचे स्थान सर्वप्रथम आहे.

आईचे दूध हे बाळाचे पहिले औषध होय. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी नवजात बालकांचे जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू जवळून पाहिले आणि बाटलीचे दूध दूर सारून मातेच्या दुधावर भर दिला. तेथेच १९८९ साली आशिया खंडातील पहिली मातृदुग्धपेढी स्थापन झाली. आईचे दूध मिळणे शक्य नसेल तेथे दुसऱ्या मातेचे तपासलेले व निर्जंतुक केलेले दूध द्यावे, हा त्यामागील विचार. प्रसूतीनंतरचा पहिला पिवळसर चीक काही घरांत टाकून देत असत. तो काही थेंबच असला तरी बाळासाठी अमोल आहे. आई एका रुग्णालयात आणि बाळ दुसऱ्या, असे असले तरी जन्मानंतर पहिल्या काही तासांतच दूध काढण्यास आरंभ करावा आणि दिवसरात्र मिळून साधारण आठ वेळा काढावे. आरंभी विलंब झाला तर पुढे दूध कमी पडते. मध, गुटी, साखरपाणी यांना त्या दिवसांत मुळीच स्थान नाही.

दुसरे औषध म्हणजे आईच्या छातीची ऊब. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरी पेट्या अपुऱ्या पडत होत्या. तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. तीच आज कांगारू पद्धत म्हणून ओळखली जाते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक मोठा अभ्यास केला. त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमपर्यंतच्या ३,२११ बाळांचा त्यात समावेश होता. बाळाची प्रकृती स्थिर होईपर्यंत न थांबता जन्मापासूनच ही ऊब दिली, तेव्हा पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १५.७ वरून १२ वर आले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आई थकली तर पिता आणि आजीही स्वच्छ होऊन ही सेवा देऊ शकतात. मात्र डॉक्टरांची अनुमती आवश्यक आहे.

यावरून घराची व्यवस्था कशी असावी, हे सहज ध्यानी येते. बाळंतिणीने खोलीबाहेर पडू नये, सोयर फिटेपर्यंत कोठे जाऊ नये, असा वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो. त्यामागे तिला विश्रांती मिळावी हा हेतू असतो. परंतु सोयर हे देवपूजेपुरते पाळावे. आईला बाळाजवळ जाण्यास त्याची आडकाठी नसावी. तिची प्रकृती अनुमती देताच तिला खुर्चीत बसवून का होईना, बाळापाशी न्यावे. तिच्यापासून बाळाची अवस्था लपविण्याचीही प्रथा आहे. पुरुषमंडळी बाहेरच्या बाहेर बोलणी करतात आणि तिला “सर्व ठीक आहे” एवढेच सांगतात. तिला चेहऱ्यावरून सारे कळते आणि ती एकटीच कुढत राहते. सत्य सौम्य शब्दांत, पतीच्या मुखातून, तिच्यापर्यंत पोहोचावे, हेच उचित.

वजनाबद्दलही एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. व्यापारी घरांना रोजमेळ पाहण्याची सवय असते. त्याच दृष्टीने रोज सकाळी बाळाच्या वजनाची विचारणा होते आणि ते घटले की घरात चिंता पसरते. वास्तविक पहिल्या काही दिवसांत जवळजवळ प्रत्येक बाळाचे वजन घटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे थोडे अधिक घटते आणि दोन आठवड्यांच्या सुमारास ते जन्मवजनावर परत येते. एका दिवसाच्या आकड्यावरून नफा-तोटा ठरवू नये.

खर्चाची चिंता तर मध्यमवर्गीय घरालाही ग्रासते. शासकीय रुग्णालयांत आजारी नवजात बालकांचे उपचार विनामूल्य व्हावेत, अशी तरतूद २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. गांधीबागेचे डागा स्मृती स्त्री रुग्णालय असो वा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तेथे जाण्यात कमीपणा मानू नये.

यंत्रांनाही राखण लागते, याची दारुण जाणीव विदर्भाला झाली आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशु विभागास आग लागली. दहा बालके दगावली आणि सात वाचविता आली. दानशूर मंडळी रुग्णालयास यंत्र देतात, त्यावर नामफलक लागतो, आणि ते उचितही आहे. परंतु त्या यंत्राची देखभाल, विजेच्या तारांची तपासणी, रात्रपाळीची परिचारिका यांसाठीही दान लागते, मग त्यावर नाव कोरले जावो वा न जावो. माणसांच्या दक्ष हातांचे मोल गडचिरोलीने जगाला दाखविले आहे. नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची देखभाल शिकविली. हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण काही वर्षांतच सुमारे २५ वर आले. १९९९ साली हे निष्कर्ष लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आता समाजाचे कर्तव्य. रुग्णालयात घोळक्याने जाऊ नये. दर्शनाला गेल्यासारखी रांग लावणे बाळाला जंतुसंसर्ग आणि आईला मनस्ताप देते. “कोणाच्या वळणावर गेले?”, “मुलगा की मुलगी?”, “दिवसांत काय खाल्ले होते?” असे प्रश्न टाळावेत. सुनेचा पायगुण काढणे हे तर पातकच होय. त्याऐवजी दोन वेळचा डबा पोहोचवावा, मोठ्या अपत्याला शाळेतून आणावे, पित्याच्या दुकानाची किल्ली दोन दिवस सांभाळावी, रक्त लागल्यास तत्परतेने उभे राहावे. चौकशीचे फोन आई-वडिलांना न करता घरातील एकाच व्यक्तीला करावेत.

आणि बंधू-भगिनींनो, काही बाळे सर्व प्रयत्नांनंतरही परतत नाहीत. अशा वेळी “लहान होते, दुसरे होईल” असे सांत्वन कृपया कोणी करू नये. बाळ चार दिवसांचे असले तरी त्या मातेने त्याला महिनोन्‌महिने वागविलेले असते. तिच्याजवळ मूकपणे बसणे आणि बाळाचे नाव ठेवले असेल तर ते घेणे, हेच खरे सांत्वन होय.

जे बाळ घरी येते, त्याच्या आगमनानेही जबाबदारी संपत नाही. चौतीस आठवड्यांपूर्वी किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळाच्या नेत्रपटलाची तपासणी तीस दिवसांच्या आत व्हावीच लागते. फार लहान बाळाची त्याहून आधी. वरून डोळे निरोगी दिसतात आणि आत दृष्टी जाण्याचा धोका असतो. श्रवणाची तपासणीही करून घ्यावी. बारशाचा मुहूर्त पुढे गेला तर बिघडत नाही. ही तपासणी मात्र एक दिवसही पुढे ढकलू नये. घरच्या आनंदात ही तारीख विसरली जाण्याची भीती असते, म्हणून ती दिनदर्शिकेवर ठळकपणे लिहून ठेवावी आणि कोणा ज्येष्ठाने तिची आठवण ठेवण्याचे काम आपल्याकडे घ्यावे.